सासू नंबर वन

सव्विसाव्या वर्षी एका थपडेनं तिचं हिरॉईनचं करिअर संपवलं. पुढची पन्नासेक वर्षं तिनं अख्ख्या देशाला धाकात ठेवलं.

तुमच्या खानदानात एक तरी ललिता पवार असेलच. असेल काय, आहेच! एखादी काकू, एखादी आजेसासू, नाहीतर सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या बाई. ऑफिसमध्येही असते. एचआरमधली, जी तुमच्या लेट मार्ककडे बघते आणि एक डोळा बारीक करते. आपण लगेच शेजारच्या क्युबिकलमध्ये कुजबुजतो, ‘आली ललिता पवार.’ समोरच्यानं त्या नटीचा एकही सिनेमा पाहिलेला नसला तरी त्याला जोक कळतो. विचार करा, किती नटनट्यांच्या वाट्याला असं येतं? माणूस जातो, सिनेमे विस्मरणात जातात आणि नाव मात्र विशेषण होऊन घराघरात राहतं.

मी जळगावची, आजोळ धुळ्याचं, नोकरी पुण्यात. माझं लग्न ठरलं तेव्हा आजोळच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी मला मुलाचं पॅकेज विचारलं नाही, फ्लॅट कुठे ते विचारलं नाही. पहिला प्रश्न थेट अहिराणीत आला, “तुनी सासू ललिता पवार शे का वं?” म्हणजे बघा, ललिता पवार ही आमच्याकडे व्यक्ती नाही, कॅटेगरी आहे. (माझी सासू तशी नाही. हे छापून आलेलं बरं.)

तर या कॅटेगरीच्या मागे जी बाई होती, तिच्याबद्दल मला काय माहीत होतं? काहीच नाही. तिरका डोळा, डोक्यावरून पदर आणि ‘रामायण’मधली मंथरा, एवढंच. मग लागोपाठ चार-पाच वीकेंड मी तिचे सिनेमे लावले. नवरा वैतागला. मी मात्र प्रेमात पडले.

पैठणीच्या गावची पोरगी

धुळ्याहून शिर्डीला निघालात की मालेगाव, मनमाड आणि मग येवला लागतं. खान्देशातली निम्मी मंडळी वर्षातून एकदा तरी या रस्त्यानं जातात. येवल्याला गाडी थांबते ती पैठणीसाठी. गाडीतले पुरुष चहा पीत बाहेर उभे राहतात आणि बायका आत तासभर रंग बघतात. येवल्याचं नाव निघालं की तीन गोष्टी हमखास सांगितल्या जातात : पैठणी, तात्या टोपेंचा जन्म आणि १९३५ साली बाबासाहेब आंबेडकरांनी इथे केलेली धर्मांतराची घोषणा. चौथी गोष्ट कुणी सांगत नाही. ललिता पवार याच गावच्या.

जन्म १८ एप्रिल १९१६. नाव अंबा. वडील लक्ष्मणराव शगुन यांचा रेशमी आणि सुती कापडाचा धंदा होता. घरची परिस्थिती चांगली होती. म्हणजे पोटासाठी सिनेमात आलेली ही पोर नव्हती. सिनेमात येण्याला तेव्हा प्रतिष्ठा नव्हती, आणि बरोबर त्याच काळात नऊ-दहा वर्षांची अंबू पुण्यात ना. दा. सरपोतदारांच्या आर्यन फिल्म कंपनीत पोचली. पगार महिना १८ रुपये होता असं सांगितलं जातं. दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी बाई मिळाली नव्हती, अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाला तारामती करावं लागलं होतं, ते साल १९१३. त्यानंतर जेमतेम पंधरा वर्षं गेली होती. चांगल्या घरच्या मुली अजूनही कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हत्या. अंबू आली.

पुढचा भाग मला सगळ्यात जास्त चकित करून गेला. ही पोरगी सासू तर सोडाच, साधी सोज्वळ नायिकासुद्धा नव्हती. ती स्टंट हिरॉईन होती! १९३१ चा ‘दिलेर जिगर’ हा मूकपट बघा. दिग्दर्शक गणपतराव पवार, जे तिचे पहिले पती. तेव्हा हॉलिवूडच्या डग्लस फेअरबँक्सची देशभर क्रेझ होती. भिंतीवरून उड्या, झुंबराला लटकणं, तलवारीची खणाखणी. ‘दिलेर जिगर’ हा त्याच जातकुळीतला मसालापट. डोंबाऱ्यासारखे कसरतीचे खेळ करणारे नायक-नायिका, कपटी राजा आणि पळापळ. ललिता तेव्हा पंधरा वर्षांची. डोळे टपोरे, दोन्ही अगदी सरळ. शरीर रबरासारखं. ते बघताना मी दोनदा सिनेमा थांबवला आणि खात्री करून घेतली की ही तीच.

भारतात तेराशेच्या आसपास मूकपट बनले आणि त्यातले वाचले मूठभर. ती जुनी नायट्रेट फिल्म भसकन पेट घ्यायची, नाहीतर डब्यातच कुजून जायची. कित्येकांनी तर तिच्यातली चांदी काढून घेण्यासाठी रिळं विकून टाकली. त्या मूठभरात ‘दिलेर जिगर’ आहे, हे आपलं नशीब. नाहीतर ललिता पवार नावाची एक तरुण, चपळ, हसरी मुलगी होती याला पुरावाच उरला नसता.

अजून ऐका. १९३२ चा ‘कैलास’ हा मूकपट. त्यात ती अभिनेत्री आणि सहनिर्माती. १९३७ चा बोलपट ‘दुनिया क्या है’. निर्माती पुन्हा तीच, आणि कथा थेट टॉलस्टॉयच्या ‘रिझरेक्शन’वरून घेतलेली. शिवाय ती आपली गाणी आपण गायची, कारण बोलपटाच्या सुरुवातीला प्लेबॅकची सोय नव्हती. वय एकवीस. आपल्यातले बरेच जण एकविसाव्या वर्षी कॅम्पस इंटरव्ह्यूसाठी टाय कसा बांधायचा ते यूट्यूबवर बघत असतात.

थप्पड

१९४२. ‘जंग-ए-आझादी’ नावाच्या सिनेमाचं शूटिंग. समोर मास्टर भगवान, तेच आपले ‘अलबेला’वाले भगवानदादा. सीन साधा होता. त्यानं तिच्या थोबाडीत मारायची. कॅमेरा सुरू झाला आणि थप्पड खरीखुरी बसली, जोरात बसली. ललिता पवार कोसळल्या. चेहऱ्याच्या एका बाजूला लकवा मारला आणि डाव्या डोळ्याची नस दुखावली. उपचारांत पुढची दोन-तीन वर्षं गेली. चेहरा बराचसा सावरला. डावा डोळा कायमचा बारीक राहिला.

वय वर्षं सव्वीस. हिरॉईनचा चेहरा हेच तिचं भांडवल, आणि ते एका टेकमध्ये गेलं. तेव्हा ना इन्शुरन्स होता, ना नुकसानभरपाईची भाषा होती.

इथे मला लांबची एक बाई आठवते. मार्गारेट हॅमिल्टन. नाव ऐकलं नसेल, पण चेहरा पाहिलेला असेल : ‘द विझर्ड ऑफ ओझ’मधली हिरव्या तोंडाची चेटकीण. साल १९३९. ही बाई मूळची बालवाडीची शिक्षिका. धुराच्या लोटात गायब व्हायचा सीन करताना जाळ वेळेआधीच उठला आणि तिचा चेहरा, हात भाजले. दीडेक महिन्यानं ती कामावर परतली आणि आगीचा सीन पुन्हा करणार नाही असं ठणकावून सांगितलं. मुलांना शिकवायला निघालेल्या या बाईला बघून पुढे पिढ्यान् पिढ्या मुलं घाबरली. शेवटी १९७५ साली ती मुलांच्या एका टीव्ही कार्यक्रमात गेली, त्यांच्यासमोर तो काळा झगा नि टोपी चढवली आणि समजावलं की बाळांनो, हा नुसता पोशाख आहे. हॉलिवूडनं अशा चेहऱ्यांसाठी ‘कॅरॅक्टर ॲक्टर’ असा छानसा शब्द बनवला, १९३७ पासून सहाय्यक भूमिकांना ऑस्करही सुरू केलं. आपल्याकडे या मंडळींना बरीच वर्षं नुसतं ‘बाकीचे’ म्हणत.

ललिताबाईंकडे काढून ठेवता येईल असा पोशाख नव्हता. त्यांना तोच चेहरा घेऊन भाजी आणायला जायचं होतं.

मग त्यांनी काय केलं? १९४४ साली ‘प्रभात’च्या ‘रामशास्त्री’त आनंदीबाई केली. ‘ध’चा ‘मा’ करणारी आनंदीबाई! मराठी माणसाच्या डोक्यात यापेक्षा मोठी व्हिलन कोण आहे? गंमत म्हणजे आनंदीबाईचा नवरा राघोबादादा ज्या कोपरगावात वारला, ते येवल्याच्या पुढचंच गाव, त्याच शिर्डीच्या रस्त्यावर. येवल्याच्या मुलीनं कोपरगावची बाई उभी केली. आणि जो डोळा लोकांना व्यंग वाटत होता, तो आता पडद्यावर कारस्थान करायला लागला. न बोलता.

माझी आत्या आणि तो डोळा

आमच्या धुळ्याच्या मोठ्या आत्याबद्दल सांगायलाच हवं, नाहीतर हा लेख मी लिहिलाच नसता. आत्या शाळेत गणित शिकवायची. पस्तिशीत तिच्या तोंडावरून वारं गेलं. बरीच सुधारली, पण एक डोळा आणि ओठाचा कोपरा खाली ओढलेला राहिला. गल्लीनं तिचं नाव काय ठेवलं असेल, सांगायला नकोच. मुलं दबक्या आवाजात म्हणायची, बाया उघड म्हणायच्या. तिच्या कानावर जायचं, तर ती म्हणायची, “बरंय की, वर्गात पोरं गप बसतात.” आणि खडूचा डबा घेऊन निघायची. लग्नकार्यात मात्र ग्रुप फोटोच्या वेळी ती हमखास स्वयंपाकघरात सापडायची.

गेल्या दिवाळीत मी लॅपटॉपवर तिला ‘अनाडी’ लावून दिला. १९५९ चा, हृषीकेश मुखर्जींचा. राज कपूर, नूतन आणि घरमालकीण मिसेस डिसा. ललिताबाई इथे साडीत नाहीत, फ्रॉकमध्ये आहेत. भाड्यासाठी कडकड करणारी, तोंडानं फटकळ आणि मागून ताट वाढून ठेवणारी ख्रिश्चन म्हातारी. येवल्याची मराठी बाई वांद्र्याच्या एखाद्या गल्लीतून उचलून आणल्यासारखी वाटते. पुढे ती भेसळीच्या औषधानं मरते. ज्या मुलाला तिनं पोटच्या पोरासारखं जपलं, त्याच्यावरच तिच्या खुनाचा आळ येतो. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं.

आत्या भिंगातून बघावं तसं बघत होती. मध्येच म्हणाली, “थांबव.” मी थांबवला. “ही बाई बघ, फोटोच्या टायमाला मी नेहमी चांगली बाजू पुढे करते. ही कॅमेऱ्याला वाईट बाजू देते. मुद्दाम.”

मी आधी लक्षच दिलं नव्हतं. मग मागे नेऊन पुन्हा पाहिलं आणि नंतर इतर सिनेमेही त्याच नजरेनं पाहिले. आत्याचं निरीक्षण पक्कं होतं. रागाचा क्षण आला की बाई मान अशी वळवतात की बारीक झालेला डोळा समोर यावा. प्रेमाच्या क्षणी तोच डोळा किंचित लुकलुकतो आणि हसरा वाटतो. एकच डोळा, दोन कामं. अभिनयाच्या कुठल्याही कोर्समध्ये हे शिकवता येईल असं मला वाटत नाही.

दोन सीतादेवी

१९५५ हे ललिताबाईंचं खास वर्ष. ‘श्री ४२०’मध्ये त्या केळेवाली गंगामाई झाल्या. राज कपूर मुंबईत नवाकोरा आलेला, केळ्यांचा भाव विचारतो आणि उलटीच घासाघीस करतो. ती ओरडते, चिडते आणि शेवटी विरघळते. आमचे रावेरचे मामा केळीवाले आहेत. त्यांना हा सीन दाखवला, तर त्यांचं लक्ष अभिनयाकडे नाहीच. “दोन आण्याला तीन केळी मुंबईत जात होती, तर शेतकऱ्याला काय मिळत असंल?” असं म्हणून ते गप्प झाले. जळगाव जिल्ह्यात केळीचा सीन हा कधीच नुसता कॉमेडी सीन नसतो.

त्याच वर्षी आला गुरुदत्तचा ‘मिस्टर अँड मिसेस ५५’. यातली ललिता पवार म्हणजे सीतादेवी. मधुबालाची श्रीमंत आत्या, स्त्रियांच्या हक्कांसाठी सभा घेणारी, लग्न म्हणजे गुलामी असं ठणकावणारी. हिंदू विवाह कायदा याच साली आला आणि हिंदू बायकांना कायद्यानं घटस्फोट मागता येऊ लागला. सिनेमानं या सगळ्याची भरपूर टर उडवली आहे. सीतादेवी खडूस, पुरुषद्वेष्टी, हेकट. शेवटी ती हरते आणि मधुबाला नवऱ्याकडे धावते. गाणी झकास, गुरुदत्त झकास, जॉनी वॉकर तर विचारूच नका.

पण आज ऑफिसातून येऊन सोफ्यावर बसून तो सिनेमा बघा. सीतादेवी जे बोलते, त्यातलं निम्मं तुम्ही-मी आज लंच टाइममध्ये सहज बोलतो. मुलीच्या नावावर पैसा हवा, नको असलेल्या लग्नातून बाहेर पडता यायला हवं. सिनेमाला ही बाई चुकीची वाटते म्हणून ती ललिता पवारांना दिली. ठाम बोलणारी बाई म्हणजे तिरक्या डोळ्याची, हे समीकरण तिथे पक्कं होत गेलं. एचआरवाल्या बाईंना आपण जे नाव ठेवतो ना, त्याची मुळं इथे आहेत. माझं मत विचाराल तर गुरुदत्त ग्रेट आहेच, पण या एका सिनेमात मी पूर्णपणे आत्याच्या बाजूनं. (दोन्ही आत्यांच्या.)

आता दुसरी सीतादेवी. १९६२ चा ‘प्रोफेसर’. शम्मी कपूर नोकरीसाठी म्हाताऱ्या प्रोफेसरचं सोंग घेतो आणि ज्या घरात शिकवायला जातो, तिथली करारी मावशी म्हणजे ललिता पवार. कल्पनाला भेटायला शम्मी तरुण होतो आणि घरात पुन्हा म्हातारा. आणि घोटाळा असा होतो की ही करडी मावशीच त्या म्हाताऱ्याच्या प्रेमात पडते. दिग्दर्शकानं हा ट्रॅक हशा मिळवायला टाकलाय, थिएटर हसलंही असेल. पण बाईंनी काय केलंय ते पाहा. सगळं आयुष्य दुसऱ्यांची पोरं वाढवण्यात घालवलेली बाई पहिल्यांदा साडीचा रंग बदलते, केसांकडे बघते, आवाज खाली आणते. लाजते. हो, ललिता पवार लाजतात! सेहेचाळीस वर्षांच्या होत्या. नायिकेनं करायचं ते सगळं, जे १९४२ साली त्यांच्याकडून काढून घेतलं होतं, ते त्यांनी त्या एका विनोदी ट्रॅकमध्ये करून घेतलं. मला हसू आलं नाही. नवरा मात्र मोबाइल खाली ठेवून बघत होता, एवढं नोंदवते.

सासूचा बाजार

बाकी सासवा किती सांगू? व्ही. शांतारामांचा १९५० चा ‘दहेज’. हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू. पृथ्वीराज कपूर बाप, जयश्री सून. हा सिनेमा आमच्या आजीनं जत्रेतल्या तंबूत पाहिला होता. जमिनीवर बसून, मध्ये दोरी, एकीकडे बाया आणि एकीकडे बाप्ये. आजी सांगायची, पडद्यावर सासू आली की बाया बोटं मोडायच्या, मोठ्यांदा शिव्या द्यायच्या. मी एकदा विचारलं, पण शेजारी तुझी स्वतःची सासू बसली असेल ना? आजी म्हणाली, “म्हणून तर. दुसरी कोणती शिवी देता येत होती?”

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. घरात ज्यांना तोंड वर करून बोलता येत नव्हतं, अशा हजारो सुनांनी तंबूच्या अंधारात आपल्या घरातला सगळा राग ललिता पवारांच्या नावानं बाहेर काढला. बाईंनी तो झेलला आणि पुढच्या सिनेमासाठी मेकअपला बसल्या.

१९५९ च्या ‘सुजाता’त अस्पृश्यता मानणारी कर्मठ बुआजी. १९६१ च्या ‘जंगली’त ती श्रीमंत आई, जिच्या घरात हसायलाच बंदी आहे. त्याच १९६१ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार. १९७१ चा ‘आनंद’, आणि इथे हृषीदांची गंमत बघा. बारा वर्षांनी त्यांनी ललिताबाईंना पुन्हा डिसाच केलं. मेट्रन डिसा. रमेश देवांच्या नर्सिंग होममध्ये पेशंटांना धाकात ठेवणारी. राजेश खन्नाला ती एकदाच रागावते, मग कायमची त्याची होऊन जाते. १९८० चा ‘सौ दिन सास के’. चौसष्टाव्या वर्षी थेट नावातच त्यांची भूमिका! सांगा, तेव्हाच्या किती नायिकांना साठी उलटल्यावर टायटल रोल मिळाला?

इथे मला आमची स्मिता पाटील आठवल्याशिवाय राहत नाही. शिरपूरच्या घरातली स्मिता, खान्देशाचा सगळ्यात लाडका चेहरा. ती १९८६ मध्ये एकतिसाव्या वर्षी गेली. स्मिता म्हातारी कशी दिसली असती, सासू कशी झाली असती, हे आपण कधीच बघू शकणार नाही. ललिताबाईंचं उलटं. त्यांचं तरुणपण कुणाला आठवत नाही.

आणि मग १९८७. रविवारची सकाळ, रस्ते ओस, रामानंद सागरांचं ‘रामायण’. मंथरा कोण करणार हा प्रश्न कुणाला पडलाच नसेल. मूकपटात तलवार फिरवणारी पोरगी एकाहत्तराव्या वर्षी पाठीला कुबड लावून कैकेयीच्या कानाशी लागली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शननं ती मालिका पुन्हा दाखवली, तेव्हा माझ्या पाच वर्षांच्या भाच्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, “ही आजी अशी का बघते?” म्हणजे चौथी पिढी घाबरली. आपल्याकडे ‘चार दिवस सासूचे’पासून आजतागायत कितीतरी सासवा आल्या. टिकल्या मोठ्या झाल्या, कॅमेरा तीन-तीनदा झूम झाला, बॅकग्राऊंडला ढगांचा गडगडाट झाला. ललिताबाईंना गडगडाट लागायचा नाही.

सातशेच्या आसपास सिनेमे आणि सत्तर वर्षांची कारकीर्द, असे आकडे त्यांच्याबद्दल सांगितले जातात. पहिलं लग्न टिकलं नाही. पुढे निर्माते राजकुमार गुप्ता यांच्याशी लग्न झालं, आणि तो संसार शेवटपर्यंत टिकला. शेवटच्या काळात तोंडाचा कॅन्सर झाला. पुण्यात औंधच्या घरी २४ फेब्रुवारी १९९८ रोजी त्या गेल्या. घरात त्या वेळी कुणी नव्हतं. पती हॉस्पिटलमध्ये होते. बाई गेल्याचं कळायलाही वेळ लागला. मी रोज कंपनीच्या बसनं औंधवरूनच हिंजवडीला जायचे, कित्येक वर्षं. खिडकीतून मॉल मोजले, ब्रिजचं काम कधी संपणार याचे अंदाज बांधले. इथे त्या राहत होत्या हे एकदाही कुणी बोललं नाही.

पुढच्या वीकेंडला वेळ काढणार असाल, तर माझा क्रम ऐका. शुक्रवारी रात्री ‘अनाडी’. रुमाल जवळ ठेवा. शनिवारी दुपारी जेवणानंतर ‘मिस्टर अँड मिसेस ५५’, मग पार्टनरशी यथेच्छ भांडा आणि रात्री ‘प्रोफेसर’ लावा. रविवारी ‘दिलेर जिगर’चा जेवढा तुकडा शोधून मिळेल तेवढा. मूकपट आहे, आवाज नाही, सबब शेजारच्यांची झोप मोडणार नाही. मी तो आत्यालाही दाखवला. तलवार घेतलेली पंधरा वर्षांची पोरगी ती बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, “पुन्हा लाव, त्या उडीपासून.”